बंद खाणीचे तळे करताना : मुरूम खाणी आणि दगडखाणींसाठी मार्गदर्शिका

रस्त्याचे काम संपले, क्रशर दुसरीकडे हलला, की गावाच्या हद्दीत खड्डा मागे राहतो. दख्खनच्या पठारावर असे खड्डे प्रामुख्याने दोन प्रकारचे आढळतात : भरावासाठी मुरूम काढून नेलेल्या उथळ, पसरट खाणी आणि खडी-डबरासाठी काळा कातळ फोडून झालेल्या, उभ्या भिंतींच्या खोल दगडखाणी. पावसाळ्यात दोन्हींत पाणी साचते आणि गावाला आयते तळे मिळाले असे सगळ्यांना वाटू लागते. प्रत्यक्षात बहुतेक मुरूम खाणी दिवाळीच्या सुमारास कोरड्या पडू लागतात. दगडखाणीत पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकले, तरी खाली उतरायला वाट नसल्यामुळे जनावरांना ते मिळत नाही, आणि पोहायला उतरलेल्या मुलांच्या मृत्यूच्या बातम्या मात्र दरवर्षी येतात. अशा खड्ड्यातून उपयोगी पाणीसाठा आणि त्याबरोबरच पक्ष्या-प्राण्यांचा अधिवास उभा करायचा असेल, तर कामे कोणत्या क्रमाने करावीत हे येथे सांगितले आहे. ग्रामपंचायत, शेतकरी गट आणि ज्यांचा खाणपट्टा अजून चालू आहे असे पट्टेधारक हे वाचक समोर ठेवून हे लिहिले आहे.

प्रथम खाण पाणी धरते की मुरवते हे ठरवावे

या एका प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कोणताही खर्च करू नये. पुढची सगळी रचना त्यावर अवलंबून असते, आणि माझ्या मते फसलेल्या बहुतेक प्रकल्पांचे मूळ हा प्रश्न न विचारण्यात असते.

दख्खनचा बेसाल्ट एकजिनसी नाही. लाव्हाच्या थरांवर थर बसून हे पठार तयार झाले असल्यामुळे एकाच खाणीच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत वेगवेगळे खडक दिसतात. सर्वांत वर माती, तिच्याखाली कुजलेल्या खडकाचा मुरूम, मग कुठे सच्छिद्र, मऊसर मांजऱ्या खडक, कुठे भेगाळलेला कातळ आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण, असा साधारण क्रम असतो. मध्येच गेरूसारखा तांबडा चिकण थरही लागतो. मुरूम आणि भेगाळ कातळ पाणी पुढे सोडतात, तर घट्ट पाषाण आणि तांबडा थर ते अडवतात. म्हणून खाण कोरडी असताना, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, चारही भिंतींची पाहणी करून कोणता थर तळापासून किती उंचीवर आहे याचे साधे रेखाटन करावे. भिंतीवर जेथे पांढरट क्षारांचे ओघळ किंवा हिरव्या गवताची आडवी रेघ दिसते, तेथून पावसाळ्यानंतर पाणी पाझरत असते, हे लक्षात ठेवावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकांचे मत याच टप्प्यावर घ्यावे.

पाहणीनंतर मोजणी करावी. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, खाणीत सेंटिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी पक्की रोवावी आणि दर आठवड्याला पातळी नोंदवावी. त्याच वेळी काठावर, उन्हात, पाण्याने भरलेली एक रुंद टाकी ठेवून तिच्यातील घटही मोजावी. या काळात खाणीतून पंपाने पाणी उचलू नये आणि बाहेरून आत येऊ देऊ नये. पाऊस झालाच तर तो आठवडा हिशेबातून वगळावा. टाकीतील घट हे बाष्पीभवन होय. लहान टाकीतील पाणी लवकर तापते, त्यामुळे मोठ्या तळ्याचे बाष्पीभवन तिच्यापेक्षा काहीसे कमी असते, हेही ध्यानात घ्यावे. हिवाळ्यात टाकीत दिवसाला 4-5 मिलिमीटर घट होत असताना खाणीची पातळी 6 मिलिमीटरने उतरत असेल, तर खाण पाणी धरणारी आहे. ती 25-30 मिलिमीटरने उतरत असेल, तर तिला साठवण तलाव म्हणण्याचा आग्रह सोडून पाझर तलाव म्हणून तिची आखणी करावी.

तिसरी शक्यता बहुतेक वेळा नजरेतून सुटते. खाण भूजल पातळीच्या खाली गेली असेल, तर तिच्यात दिसणारे पाणी साठवलेले नसून आजूबाजूच्या विहिरींचेच असते. अशी खाण ही एक मोठी उघडी विहीर असते आणि तिच्यावर पडणारे ऊन सगळ्या शिवाराचे भूजल उडवत असते. खाणीची पातळी आणि जवळच्या विहिरींची पातळी एकाच दिवशी, एकाच संदर्भबिंदूपासून मोजली की हे लगेच कळते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात याच कारणासाठी खडीच्या खाणींतून भूजल उघडे पडल्यास त्या बाष्पीभवनाची भरपाई करावी लागते, आणि खाणीचा पाणीसाठा म्हणून वापर करायचा असेल तर ती भूजलापासून तोडावी लागते. डेन्व्हर शहराच्या उत्तरेला साउथ प्लॅट नदीकाठच्या जुन्या खडी-खाणींभोवती खोल चर खणून, त्यांत बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) मिसळलेली माती भरून आणि ती भिंत खालच्या घट्ट शेल खडकात रुतवून असे जलाशय केले आहेत. हे तंत्र ऐकून कोणी आपल्याकडे सुचवले, तर खाली सलग, अभेद्य आणि फार खोल नसलेला थर आहे का, हे आधी विचारावे. पठारावर असा भरवशाचा थर सर्वत्र मिळत नाही, आणि तापी-पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात तर तळ फारच खोल असतो.

त्या खोऱ्याचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, खडी आणि वाळूचा जाड पट्टा आहे, ज्याला भूवैज्ञानिक बझाडा म्हणतात. तेथील खाणीत पाणी साठवण्याचा अट्टहास करणे म्हणजे चाळणीला बूच लावण्यासारखे आहे. ते पाणी मुरू द्यावे. केळीच्या बागांखालच्या खोल गेलेल्या भूजलाला त्याचीच गरज आहे. कोकण-गोव्यातील जांभ्याच्या चिरेखाणींचे शास्त्र वेगळे असल्यामुळे त्या या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत.

जमीन, परवानगी आणि जुना कचरा

खाण सरकारी गायरानावर आहे, खासगी मालकीची आहे की वनजमिनीवर, हे सातबारा उताऱ्यावरून आणि पट्ट्याच्या कागदपत्रांवरून निश्चित करावे. पट्टा चालू असेल तर परवान्याच्या अटींमध्ये खाण बंद करतानाच्या कामांची जबाबदारी कोणावर आहे हे वाचावे, कारण ती बहुधा पट्टेधारकावर असते आणि गाव ती विनाकारण स्वतःच्या अंगावर घेते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, आणि जानेवारी 2020 मध्ये खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चराईयोग्य करण्याची अट पट्ट्यांमध्ये घालण्याचा आदेश दिला. ग्रामसभेच्या ठरावात या दोन्हींचा आधार घेतल्यास तहसील कार्यालयात पुढचा पत्रव्यवहार सोपा जातो.

खाणीत कचरा टाकला गेला असेल, तर काम तेथेच थांबवावे. शहराच्या वेशीवरच्या अनेक खाणी बांधकामाचा राडारोडा आणि ओला कचरा टाकण्याच्या जागा झाल्या आहेत. अशा खड्ड्यात पाणी अडवले, तर कचऱ्याचा निचरा थेट विहिरींत उतरेल. कचरा पूर्ण काढता येत नसेल, तर ती जागा पाण्यासाठी नाहीच, असे मानावे. स्वच्छ दिसणाऱ्या दगडखाणीतील पाणीही पिण्यासाठी वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे आणि त्यात नायट्रेट अवश्य पाहावे, कारण सुरुंगासाठी वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेटचे अवशेष खाणीत राहू शकतात. न फुटलेले सुरुंग हा आणखी गंभीर प्रश्न आहे. जेथे स्फोटाने दगड काढला गेला आहे तेथे परवानाधारक ब्लास्टरकडून भिंती आणि तळ तपासून घेतल्याशिवाय पोकलेन किंवा ब्रेकर आत उतरवू नये.

पाण्याचा हिशेब

खड्डा किती मोठा आहे यापेक्षा त्यात किती पाणी येणार, हा प्रश्न आधीचा आहे. खाणी बहुधा टेकडीच्या माथ्याजवळ किंवा उतारावर असतात, त्यामुळे त्यांचे पाणलोट क्षेत्र लहान असते. उदाहरणादाखल 10 हेक्टर पाणलोट, 550 मिलिमीटर पाऊस आणि त्यातील 10 टक्के पाणी वाहून येते असे धरले, तर वर्षाला 5,500 घनमीटर, म्हणजे साडेपाच टीसीएम (हजार घनमीटर) पाणी मिळते. एक हेक्टर क्षेत्राची आणि सरासरी 4 मीटर खोलीची खाण 40,000 घनमीटरची असते. ती या पाण्याने कधीच भरणार नाही, आणि अशा ठिकाणी खाण आणखी खोल करण्यावर खर्च करणे व्यर्थ आहे. वाहून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण जमिनीच्या प्रकारावर आणि पावसाच्या जोरावर फार बदलते. त्यासाठी महाराष्ट्रातील अभियंते आजही वापरतात ती स्ट्रेंज यांची कोष्टके मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच भागातील निरीक्षणांवरून तयार झाली होती. लघुपाटबंधारे किंवा जलसंधारण विभागातील अभियंता ती पाहून तुमच्या पाणलोटासाठी आकडा काढून देऊ शकतो.

खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठा वाटेकरी ऊन असते. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत पठारावरील उघड्या पाण्यातून सुमारे एक ते दीड मीटर थर उडून जातो, म्हणजे एक हेक्टर पृष्ठभागातून 10,000 घनमीटरांहून अधिक पाणी. त्या तुलनेत 200 मोठी जनावरे, प्रत्येकी दिवसाला 50 लिटर, उन्हाळ्याचे 120 दिवस प्यायली तरी 1,200 घनमीटर पुरतात. जनावरांच्या पाण्यासाठी विस्तीर्ण तळ्याची गरज नसते, खोल आणि लहान पृष्ठभागाच्या साठ्याची असते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होईल. पक्ष्यांना मात्र नेमके उलटे, म्हणजे उथळ आणि पसरट पाणी लागते. या दोन गरजांचे भांडण एकाच काठावर मिटवता येत नाही, म्हणून खाणीची विभागणी करावी लागते.

आकार : यंत्र जागेवर असतानाच

खाणीचा आकार बदलण्याची सर्वांत स्वस्त वेळ म्हणजे खोदकाम चालू असतानाची. पोकलेन निघून गेल्यावर तोच उतार करण्यासाठी तिला परत आणणे गावाच्या आवाक्यात राहत नाही. म्हणूनच नव्या रस्त्यासाठी मुरूम द्यायचा असेल, तर कंत्राटदाराशी करार करतानाच अंतिम आकाराचा नकाशा त्याला जोडावा. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव व नाले खोल करून घेतला गेला. ही पद्धत पुढे 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे श्रेय खोदकामाआधी जागा ठरवण्याला आहे. आपल्याला त्यात जागेबरोबर आकारही ठरवायचा आहे.

विभागणी पुढीलप्रमाणे करावी. पाणी जेथे घट्ट थरावर बसते त्या बाजूला, क्षेत्राच्या निम्म्याहून कमी भागात, खोल साठ्याचा हौद ठेवावा. उरलेल्या बाजूला, शक्यतो पाणी आत येते त्या दिशेला, उथळ पायऱ्या कराव्यात. मुरुमाच्या बाजूंना 1 मीटर उभ्याला किमान 3 मीटर आडवा असा उतार द्यावा, आणि उथळ भागात तो 1 ला 10 किंवा त्याहून सौम्य असावा. काम चालू असतानाची सुरक्षितता वेगळी सांभाळावी लागते : धातुखाण नियमावली, 1961 नुसार मुरूम, खडी, माती अशा सैल थरात पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त आणि रुंदी उंचीपेक्षा कमी असू नये. गावात होणाऱ्या खोदकामात ही मर्यादा सर्रास मोडली जाते आणि कपारी कोसळतात.

उथळ भागाची एक खुबी पक्षी-अभयारण्यांच्या परदेशी पुस्तकांत सहसा मिळत नाही, कारण तेथे पातळी वर्षभर फारशी बदलत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत केवळ बाष्पीभवनाने पातळी अर्धा मीटर उतरते, आणि उपसा असेल तर त्याहून कितीतरी जास्त. पूर्ण भरलेल्या पातळीला अर्धा मीटर खोलीची एकच सपाट पायरी केली, तर स्थलांतरित पक्षी मुक्कामाला असतानाच ती कोरडी पडते. म्हणून पायऱ्या तीन पातळ्यांवर कराव्यात : एक पूर्ण पातळीच्या थोडी खाली, दुसरी तिच्याखाली साधारण एक मीटरवर आणि तिसरी दोन मीटरवर. पाणी उतरत जाईल तशी एक पायरी चिखलाची होईल आणि तिच्याखालची उथळ पाण्याची. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यात आणि नांदूर मधमेश्वरच्या गाळाने उथळ झालेल्या जलाशयात हिवाळ्यात पक्ष्यांची जी गर्दी होते, ती याच उतरत्या पाण्याच्या कडेला होते. नांदूर मधमेश्वरला 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून मान्यता मिळाली, ती खोल पाण्यासाठी नव्हे.

काठाची रेषा सरळ ठेवू नये. लहान-लहान खाचा आणि जिभा काढाव्यात, त्यामुळे त्याच क्षेत्रात काठाची लांबी वाढते. बेट करण्याचा मोह मात्र आवरावा. पाणी उतरले की बेट काठाला जोडले जाते, भटकी कुत्री तेथे पोहोचतात आणि टिटवीची अंडी संपतात. खोल हौदाच्या मध्यावर सर्व बाजूंनी पुरेसे पाणी उन्हाळ्यापर्यंत राहणार असेल, तरच ते करावे.

येणारे पाणी, जाणारे पाणी आणि गळती

पाणी खाणीच्या उभ्या कड्यावरून थेट आत कोसळू देऊ नये. कड धूप होऊन मागे सरकते आणि शेजारच्याचे शेत आत येते. एकच प्रवेशमार्ग ठरवून त्यावर दगडी पिचिंग करावे आणि त्याच्या आधी गाळ बसण्यासाठी एक उथळ खड्डा ठेवावा, जो दर उन्हाळ्यात रिकामा करता येईल. वरच्या पाणलोटात अनगड दगडी बांध आणि गवत असेल, तर गाळ निम्म्या वाटेतच थांबतो. सांडवा हा नैसर्गिक घट्ट जमिनीवर, भरावापासून दूर असावा आणि त्याचे पाणी मूळ नाल्यातच परत जावे. खालच्या शेतकऱ्यांचा नाला कोरडा पाडून वरच्या खाणीत पाणी भरणे कायद्याच्या आधी शेजारधर्माला धरून नाही, आणि अशी कामे पुढे भांडणांत अडकतात.

थोडी गळती असणाऱ्या मुरूम खाणीत काळ्या मातीचा थर देता येतो. माती ओलसर करून 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत पसरावी, प्रत्येक थर रोलरने दाबावा आणि एकूण जाडी किमान अर्धा मीटर करावी. काळी माती वाळली की तडकते आणि तिचा सगळा उपयोग जातो, त्यामुळे तिच्यावर मुरुमाचे आवरण द्यावे आणि जो भाग दरवर्षी कोरडा पडणार आहे तेथे तिच्यावर विसंबू नये. उभ्या कातळी भिंतींना मातीचा थर लागत नाही. तेथे भेगाळ थर जिथे सुरू होतो त्याच्याखाली सांडव्याची पातळी ठेवणे हाच शहाणपणा होय; वरचे दोन मीटर पाणी तसेही महिन्याभरात निघून जाणार असते.

शेततळ्यासारखे प्लॅस्टिक अस्तर हा सर्वांत सोपा आणि अधिवासाच्या दृष्टीने सर्वांत वाईट उपाय आहे. निसरड्या अस्तरावरून कोल्हे, मुंगूस, काळवीट आणि माणसेसुद्धा वर चढू शकत नाहीत. अस्तर टाळता येत नसेल, तर ते फक्त खोल हौदापुरते ठेवून त्यावर खडबडीत दगडी उतार आणि गाठी मारलेले जाड दोर सोडावेत, आणि त्या भागाला कुंपण घालावे.

पाझरासाठी राखलेल्या खाणीत काम कमी असते, पण तळ मोकळा ठेवावा लागतो. क्रशरची कच पाण्याबरोबर येऊन तळावर बसली की सिमेंटसारखा थर होतो आणि पाणी मुरणे थांबते. तो दर एक-दोन वर्षांनी खरवडून काढावा. तळाला बोअर मारून त्यात गढूळ पाणी सोडण्याची सूचना अनेकदा येते. ती गाळणीशिवाय कधीही मान्य करू नये, कारण वरचे दूषित पाणी त्यामुळे थेट खोल भूजलात जाते आणि ते पुन्हा स्वच्छ करण्याचा उपाय गावाजवळ नसतो.

माणसांची आणि जनावरांची सुरक्षितता

प्रत्येक उभ्या भिंतीच्या पायथ्याशी, पाण्याच्या पातळीलगत, बाहेर येण्यासाठी पायऱ्या किंवा दगडांचा तिरका ढीग असावा, आणि तो पाणी उतरल्यावरही पोहोचण्याजोगा असावा. जनावरांसाठी एकच फरसबंदी केलेली उतरंड करावी. कड्याच्या वरच्या काठापासून काही अंतर आत सागरगोटा, चिल्हार किंवा घायपाताची दाट कुंपणरेषा लावावी. तारेचे कुंपण चोरीला जाते, काटेरी झुडूप जात नाही. खोलीचा फलक, दोर बांधलेली हवा भरलेली ट्यूब आणि रात्री दिसेल अशी खूण या तीन वस्तू उद्घाटनाआधी जागेवर असाव्यात. खोली मोजण्याचे कामसुद्धा पोहून करू नये. तराफ्यावरून वजन बांधलेली दोरी सोडून, जीवरक्षक जाकीट घालून करावे.

अधिवास : काय लावावे आणि काय तसेच सोडावे

येथे पहिली सूचना न करण्याची आहे. खाण माळरानावर असेल, तर सभोवती वृक्षारोपणाचा धडाका लावू नये. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग येथील माळ म्हणजे ओसाड जमीन नसून लांडगा, चिंकारा, धाविक आणि माळरानावरच घरटी करणाऱ्या इतर पक्ष्यांचे घर आहे, आणि तेथे गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा निलगिरीच्या रांगा उभ्या करणे हे अधिवासाचे नुकसानच आहे. तेथे पवन्या, मारवेल, शेडा यांसारख्या स्थानिक गवतांचे बी पेरावे आणि दोन पावसाळे चराई बंद ठेवावी. त्यासाठी बाजूला काढलेली वरची माती परत पसरणे आवश्यक असते, म्हणून खोदकामाच्या पहिल्या दिवशीच ती वेगळी साठवण्याची अट घालावी.

पाण्यालगत मात्र सावली हवी. उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज, शिंदी आणि काठावर वाकणाऱ्या दोन-चार बाभळी पुरेत. सुगरणीला पाण्यावर लोंबणारी फांदी मिळाली की ती स्वतःहून येते. उथळ पायऱ्यांवर लव्हाळा आणि वाळा लावावा. पाणकणीस लावण्याची गरज नसते, ते आपोआप येते आणि उथळ भाग व्यापून टाकते, म्हणून दरवर्षी त्याचा निम्मा पट्टा कापावा. जलपर्णी आणि बेशरम यांचे पहिले रोप दिसताच उपटावे.

खाणीची काही 'कुरूप' अंगे मुद्दाम राखावीत. वेडा राघू आणि कवड्या खंड्या मातीच्या उभ्या कपारीत बिळे करून अंडी घालतात, त्यामुळे मुरूम-मातीची दीड-दोन मीटर उंचीची एखादी कपार उतार न देता तशीच सोडावी, मात्र तिच्या वरच्या बाजूला कुंपण घालावे. दगडखाणीच्या उंच कड्यातील कोनाडे शृंगी घुबडाला घरट्यासाठी चालतात. हिवाळा ते उन्हाळ्याच्या सुरुवातीस त्या कड्याजवळ यंत्रे आणि सुरुंग नकोत. उघड्या मुरूम-खडीचा एक पट्टाही मोकळा ठेवावा. इंग्लंडमध्ये छोटा चिखल्या हा पक्षी 1938 मध्ये प्रथम वीण करताना आढळला आणि पुढे तेथे तो पसरला तो मुख्यतः खडीच्या खाणींमुळे, कारण त्याला अंडी घालायला झाडोरा नसलेली गोट्यांची जमीन लागते. तोच पक्षी आपल्याकडेही आहे. नॉटिंगहॅमजवळच्या ॲटेनबरो येथे 1929 पासून खडी काढली गेली आणि 1966 मध्ये तेथे निसर्ग-राखीव क्षेत्र सुरू झाले; खडीचा उपसा आणि पक्षी तेथे अनेक वर्षे शेजारी नांदले. खाण पूर्ण बंद होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, संपलेल्या भागापासून सुरुवात करता येते.

मासे सोडताना घाई करू नये. तिलापिया आणि आफ्रिकन मांगूर एकदा शिरले की स्थानिक मासे, बेडकांचे डिंब आणि चतुरांच्या अळ्या फस्त करतात. जवळच्या ओढ्यातील लहान स्थानिक मासे पुरेसे असतात आणि डासांच्या अळ्याही तेच खातात. मत्स्यव्यवसायासाठी ठेका द्यायचा असेल, तर तो खोल हौदापुरता द्यावा आणि उथळ भागात जाळी व फटाके यांना मनाई असावी. गणेश विसर्जनासाठी वेगळा कृत्रिम हौद करून द्यावा. हे आधीच ठरवले नाही, तर भाद्रपदात नाही म्हणण्याची हिंमत कोणी करत नाही.

उपसा आणि देखभाल

पाणी कोण किती उचलणार याचे नियम ग्रामसभेत होतात आणि एप्रिलमध्ये मोडतात. म्हणून नियमाला लोखंडाचा आधार द्यावा. खालची दीड-दोन मीटर खोली मृतसाठा म्हणून राखायची असे ठरल्यावर, पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची झडप) त्याच उंचीवर काँक्रीटच्या खांबात पक्का बसवावा, जेणेकरून पाणी तेथे पोहोचले की पंप हवा ओढू लागेल. तराफ्यावरचा पंप पाण्याबरोबर खाली जातो आणि तळापर्यंत उपसा करतो, त्यामुळे तो सामूहिक तळ्यावर लावू नये. वाटपाचा क्रम पिण्याचे पाणी, जनावरे आणि मग संरक्षित सिंचनाची एक-दोन आवर्तने असा असावा. ऊस या पाण्यावर होत नाही. हे ठरावात शब्दांत लिहून ठेवावे.

काम मंजूर करून घेताना रोजगार हमी, जलयुक्त शिवार किंवा अमृत सरोवर यांपैकी जी योजना त्या वर्षी चालू असेल तिचे निकष पाहावेत. 2022 मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर अभियानात किमान एक एकर क्षेत्र आणि सुमारे 10,000 घनमीटर क्षमता अपेक्षित होती, आणि अनेक मुरूम खाणी त्या मापात बसतात. या योजनांच्या अंदाजपत्रकांत सममित चौकोनी खोदाई गृहीत धरलेली असते. पायऱ्या आणि सौम्य उतार त्यात पहिल्यापासून लिहून घ्यावेत, नंतर ते 'वाढीव काम' ठरतात.

गाळ एप्रिल-मे महिन्यांत काढावा, पण एका वर्षी निम्म्याच भागातून, म्हणजे चिखलात उन्हाळा काढणारे बेडूक, शिंपले आणि कासवे दुसऱ्या भागात वाचतात. काढलेला गाळ शेतकऱ्यांनी न्यावा, पण त्यात कच जास्त असेल तर तो शेतात न टाकता रस्त्याच्या भरावात टाकावा. मोजपट्टीची साप्ताहिक नोंद पहिली तीन वर्षे तरी सोडू नये. शाळेच्या वहीत केलेली पाणीपातळीची आणि पक्ष्यांची नोंद यासाठी पुरते, आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत तळावर गाळ बसल्याने गळती कमी झाली का, सांडवा किती वेळा वाहिला, तिसरी पायरी कोणत्या महिन्यात उघडी पडली, हे त्या वहीतून कळल्यावरच पायऱ्यांची आणि फूटव्हॉल्व्हची उंची बदलण्याचा निर्णय घ्यावा.